नॉर्मल म्हणून शिकवलेला आवाज

सर,

तुमच्यावर माझा संशय होता आणि तो अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण तुम्ही गेल्यापासून जो तो तुम्हाला देवमाणूस करून टाकतोय. खारी गावातल्या दवाखान्याच्या शटरवर तुमचा फोटो लागलाय, खाली फुलं. उत्तनला चर्चबाहेर मासळीवाल्या बायका उभ्या होत्या, भाईंदर पूर्वेचे रिक्षावाले होते, तुमच्या शेजारचा गुजराती स्टेशनरीवालाही होता. 'ऐसा डॉक्टर अब नहीं मिलेगा, बेन,' असं तो मला म्हणाला. मी मान डोलावली. माती दिली. आणि मातीची मूठ उघडताना मनात म्हटलं, ह्या माणसाने मला एक गोष्ट खोटी सांगितली आणि कबूल न करताच निघून गेला.

आज अठरा दिवस झाले. सकाळच्या ओपीडीत नववा पेशंट बाहेर पडला आणि दहावा आत यायच्या आत तुम्ही खुर्चीतच कोसळलात. सुनंदाताई पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. तीस वर्षं तुमच्या खिडकीत औषधाच्या पुड्या बांधणारी ती बाई मला फोनवर एवढंच म्हणाली, 'म्हात्रे, सर गेले गं.' तुम्ही मला आडनावाने हाक मारायचात म्हणून तीही मारायची.

आमच्या घरी संशय काही नवा नाही, हे तुम्हाला माहीत होतं. गोडदेवच्या आमच्या घरात कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तिघं जण वाचतात, आणि तिघांचा एकमेकांवर विश्वास नसतो. आजोबांनी एकदाच न वाचता अंगठा दिला. त्या भातशेतावर आता सात मजली बिल्डिंग आहे आणि आम्ही तिच्या सावलीत कपडे वाळत घालतो. त्यामुळे मला मेडिकलला अॅडमिशन मिळाली आणि पेढे घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही जे म्हणालात त्याने बाबांच्या मनात लगेच पाल चुकचुकली. तुम्ही पेढ्याचा डबा बाजूला ठेवलात आणि म्हणालात, 'शनिवारी ये. दहाला. स्टेथोस्कोप नको, नखं कापून ये.'

बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, 'त्याला फुकाटची कंपाउंडर पायजे, दुसरं काय न्हाय.'

मीही तेच समजून आले. पहिले काही शनिवार मी वाट पाहत होते की आता झाडू मारायला सांगतील, आता पुड्या बांधायला बसवतील. तुम्ही मला पेशंटच्या डाव्या बाजूला उभं केलंत. माझी ओळख करून द्यायचात तीही एका ठरलेल्या वाक्यात. 'ही पहिल्या वर्षाला आहे, हिला अजून काही येत नाही. हात लावू दे का?' हिंदी बोलणाऱ्याला हिंदीत, गुजराती बोलणाऱ्याला मोडक्या गुजरातीत, पण वाक्य तेच. मला दर वेळी लाज वाटायची. एकदा एक आजोबा 'नको' म्हणाले. तुम्ही मला मागे सरायची खूण केलीत, त्यांना तपासलंत, आणि ते गेल्यावर म्हणालात, 'आज तू बरंच शिकलीस.' मला तेव्हा राग आला होता.

कॉलेजातही पहिल्या वर्षापासून ओपीडी दाखवतात. दाखवतात हाच शब्द बरोबर आहे. पस्तीस मुलं एका प्रोफेसरच्या मागे उभी, आणि मला पेशंटपेक्षा पुढच्या मुलाची कॉलर जास्त दिसायची. तुमच्याकडे मात्र हात लावल्याशिवाय बोलायला बंदी होती. आधी नाडी, पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून. मग नखं, पापणी आतून, जीभ. मग तुम्ही विचारायचात, 'कसला संशय?' निदान हा शब्द तुम्ही मला दोन वर्षं वापरू दिला नाहीत. निदान डॉक्टर करतो, तू संशय घे, असं म्हणायचात. संशय घेण्यात मी पहिल्यापासून पास होते.

ती मासळीवाली आठवते? उत्तनहून येऊन पूर्वेच्या बाजारात बसणारी, पायाला जखम झाली म्हणून आली होती. मी तिचा हात हातात घेतला. बोटं थंडगार, टोकं पांढरी, कातडी सुरकुतलेली. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की हिच्या हातांना रक्त पोचत नाहीये, मोठा आजार असू शकतो, पुढच्या तपासण्या लागतील. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. त्या बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, मग तिने स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि मला म्हणाली, 'बाय, फाटे चार वाजल्यापासून बरफात हात हाय माजा. कसा गरम लागंल?'

सुनंदाताई खिडकीतून इतकी हसली की तिच्या हातातल्या गोळ्या सांडल्या. तुम्ही हसला नाहीत. 'काय काम करते, विचारलंस?' एवढंच म्हणालात. पुढचा महिनाभर माझ्याकडून प्रत्येक पेशंटला पहिला प्रश्न तोच विचारून घेतलात. अजूनही मी तोच विचारते. आमच्या वॉर्डातले सिनियर वैतागतात. ह्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर तुमची ऋणी आहे, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. वाटायचं, सांगितलं तर तुम्ही आणखी काहीतरी मागाल.

कारण तुम्ही हे का करताय ते मला कळत नव्हतं. पैसे नाही, नाव नाही. माझ्याआधीही तुमच्याकडे अशी चार-पाच मुलं येऊन गेली होती, कोणी नवघरचा, कोणी उत्तनचा, आणि एकाच्याही नावाची पाटी तुमच्या भिंतीवर नव्हती. एकदा न राहवून विचारलंच. तुम्ही चहात खारी बुडवत म्हणालात, 'म्हातारपणी मला तपासायला कोणीतरी लागेल ना, म्हात्रे बाई.' मी हसले. तुमचं ते उत्तर गंमत म्हणून सोडून दिलं, हीच माझी पहिली चूक.

मग स्टेथोस्कोप आला. नवाकोरा, बाबांनी घेतलेला. मी तो कानात उलटा घातला आणि तुम्ही म्हणालात, 'आता तुला काही ऐकू येणार नाही, आणि मी विचारलं की तू हो हो म्हणशील. सगळी मुलं म्हणतात.' मी तो सरळ केला. शेवटचा पेशंट गेला होता, दुपारचा दीड वाजला असेल. तुम्ही तपासायच्या बाकावर बसलात, शर्टाची वरची बटणं काढलीत आणि म्हणालात, 'हे नॉर्मल. आधी नॉर्मल कानात बसव. नॉर्मल पक्कं झालं की बाकीचं आपोआप वेगळं ऐकू येतं.'

मी ऐकलं. पुस्तकात लिहिलेले दोन आवाज होते, एकामागून एक. पण त्या दोघांच्या मध्ये तिसरंच काहीतरी होतं. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं, दर ठोक्याला. मी म्हटलं, 'सर, मध्ये फुस्स होतंय.'

'पंखा बंद कर,' तुम्ही म्हणालात.

मी पंखा बंद केला. परत ऐकलं. होतंच.

'पहिल्या वर्षाला सगळ्यांना सगळं ऐकू येतं,' तुम्ही म्हणालात आणि बटणं लावलीत. 'हे नॉर्मल आहे. लिही.'

मी लिहिलं. सर, मला त्या क्षणाचाच राग येतो. भाजीवाल्याच्या तराजूवर संशय घेणारी मुलगी मी, वर्गातल्या मैत्रिणीने नोट्स दिल्या तरी पानं मोजून घेणारी, आणि तुम्ही एकदा नॉर्मल म्हणालात म्हणून मी स्वतःचे दोन्ही कान बाजूला ठेवले. त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी ओपीडी संपल्यावर मी तुमची छाती ऐकत राहिले, सरावासाठी. तो फुस्स आवाज माझ्या इतक्या ओळखीचा झाला की तो नसता तर मला चुकल्यासारखं वाटलं असतं. मधल्या काळात होस्टेलवरच्या मैत्रिणींच्या छातीला स्टेथोस्कोप लावला होता, त्यांच्यात तो नव्हता. त्यावरही मी तोडगा काढला. म्हटलं, त्या विशीतल्या पोरी, सर साठीचे, वय झालेल्या माणसाचं नॉर्मल असंच असणार. एवढा विश्वास मी घरातल्या माणसांवरही ठेवलेला नाही.

तिसऱ्या वर्षी त्याचा हिशोब झाला. वॉर्डात साठीचा एक माणूस होता, प्रोफेसरांनी मला पुढे बोलावलं. मी ऐकलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, 'नॉर्मल.' त्यांनी मग एकेकाला ऐकायला लावलं. प्रत्येक जण म्हणाला, मर्मर आहे, अरुंद झडपेतून येणारा जादा आवाज आहे, स्पष्ट आहे. प्रोफेसर मला म्हणाले, 'हे बहिऱ्यालाही ऐकू येईल. कुठे शिकलीस तू?' सगळे हसले. मी तुमचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर कदाचित त्याच दिवशी काहीतरी झालं असतं, कोणीतरी कॉलेजातून तुम्हाला फोन केला असता. मी गप्प बसले. तुमची अब्रू राखते आहे असं तेव्हा वाटलं होतं.

त्या शनिवारी मी आले ती भांडायच्या तयारीनेच. पेशंट संपेपर्यंत कशीबशी थांबले आणि म्हटलं, 'सर, शर्ट काढा.'

'ही काय बोलायची पद्धत?'

'मला परत ऐकायचंय. मी वॉर्डात सगळ्यांसमोर तोंडघशी पडले. तुमच्या छातीतला आवाज मला नॉर्मल वाटतो, सर, म्हणून.'

तुम्ही वरचं बटण लावलंत. ते आधीच लावलेलं होतं, तरी बोटं तिथे गेली, ती मी पाहिली. तुम्हीच शिकवलं होतंत ना, पेशंट बोलत असताना त्याच्या हातांकडे बघ म्हणून. मग म्हणालात, 'प्रोफेसर बरोबर आहेत. तू आवाज ऐकलास आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून नॉर्मल म्हणालीस. तुझ्या कानाची चूक नाही ती.'

'दुसरा म्हणजे तुम्ही!'

खिडकीतल्या सुनंदाताईचा हात थांबला. तुम्ही तिच्याकडे बघून मोठ्याने म्हणालात, 'चला, पुढचा नंबर.' बाहेर बाकावर कोणी नव्हतं, सर. शटर अर्धं खाली होतं.

मी बॅग उचलली आणि निघाले. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत, दोन वर्षं, आले नाही. मला तेव्हाच सगळं कळलं होतं असं मी म्हणणार नाही, पण संशय पुरता आला होता. तुमचं जिन्यावर थांबणं, चपलेचा बंद लावायला वाकून उठलात की क्षणभर भिंतीला हात टेकणं, सगळं एका ओळीत दिसायला लागलं होतं. मी तुमच्या घरच्यांना सांगू शकले असते. तुमच्या बायकोचा, आंटींचा, नंबर माझ्याकडे होता, दर नाताळला त्या आमच्याकडे फराळ पाठवायच्या. मी केला नाही फोन. मला राग होता. वाटायचं, स्वतःला एवढे शहाणे समजता ना, मग तुमचं तुम्ही बघा. फायनलचा निकाल लागला तेव्हा तुमचा मेसेज आला, 'अभिनंदन. शनिवारी ये.' मी त्यावर अंगठा टाकला. त्या मेसेजवर अजून तो अंगठा आहे आणि मला तो बघवत नाही.

आता मागच्या रविवारचं सांगते. तुमच्यासाठी चर्चमध्ये ठेवलेल्या मिसाला, प्रार्थनेला, मी उत्तनला आले होते. मिसा झाल्यावर आंटींनी मला थांबवून घेतलं. पाव्हणे गेले. बाहेर बोंबील वाळत होते, तुमच्या पडवीत तोच वास भरला होता. आंटी आतून एक प्लास्टिकची फाईल घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवली.

'दवाखान्यातल्या टेबलाच्या खणात होती. कुलूप तोडलं सुनंदानं. मला सगळं कळत न्हाय. वाच आनि सांग.'

हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. महाधमनीची झडप अरुंद झालेली, बरीच. खाली लिहिलं होतं, ऑपरेशनचा सल्ला दिला आहे. मी तारीख बघितली. मी नखं कापून तुमच्याकडे पहिल्यांदा आले, त्याच्या आदल्या वर्षीची होती.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. 'हे नॉर्मल, लिही,' म्हणालात तेव्हा हा कागद तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर खणात कुलूपबंद होता. माझ्याकडे तीन संशय आहेत, सर, तिन्ही तुम्हाला सांगते. दवाखाना बंद पडेल म्हणून तुम्ही लपवलंत, हा एक. ऑपरेशनची भीती वाटत होती, हा दुसरा, आणि हजारो लोकांना इंजेक्शन देणाऱ्याला अशी भीती वाटते हे मी आता वॉर्डात बघितलंय. तिसरा संशय मला फार छळतो. मी तुमचं ऐकणार नाही, हट्टाने म्हणेन की नाही सर, आहे आवाज, चला माझ्याबरोबर, ह्याची तुम्ही वाट बघत होतात. असं असेल तर मी नापास झाले आणि पेपर तुम्ही चुकीचा काढला होता. पहिल्या वर्षाच्या पोरीवर असलं ओझं टाकतात का?

मी रिपोर्टमध्ये काय आहे ते आंटींना सांगितलं. त्या ऐकत होत्या, रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'तू दर शनवारी त्यांची छाती ऐकायचीस. सुनंदा बोलली मला. तुला ठावं होतं?'

त्यांची ती नजर मी ओळखते. आमच्या घरात कागद वाचताना तीच असते. त्या माझ्यावर संशय घेत होत्या आणि त्यांचा हक्क होता. मी नाही म्हणू शकले असते. पहिल्या वर्षाची होते, काही कळत नव्हतं, एवढं म्हटलं असतं की प्रश्न मिटला असता. तुम्ही खोटं बोललात हे त्यांना माझ्या तोंडून कळलं नसतं, माझ्यावरही काही आलं नसतं. माझी जीभ तिथपर्यंत गेलीही होती. पण मग ऐकू आलेलं न आल्यासारखं करायची माझी ती दुसरी वेळ झाली असती.

मी म्हटलं, 'ऐकू आलं होतं, आंटी. पहिल्याच वर्षी. सर म्हणाले काही नाही, ते मी मानलं. पुढे मला संशय आला, तेव्हा तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. त्यांच्यावर रागावले होते.'

मला वाटलं आता म्हणतील, ऊठ आणि जा. त्यांनी फाईल माझ्या मांडीवरून उचलली, तिची रबरं नीट लावली.

'मला पन यायचा तो आवाज,' त्या म्हणाल्या. 'दुपारचे जेवून झोपायचे ना, तवा मी त्यांच्या छातीवर डोकं टेकायची. इचारलं मी एकदा. मला बोलले, डाक्टर मी हाय का तू?'

'मग?'

'मग काय. डोकं टेकायचं सोडलं मी.'

तुम्ही असतात तर त्या पडवीतच तुमच्याशी कडाकडा भांडले असते. सर, कुठल्या पुस्तकात लिहिलंय की बायकोला छातीवर डोकं ठेवता येणार नाही असं काहीतरी बोलावं? त्या किती वर्षं स्वतःलाच वेडी समजत राहिल्या असतील. मला निदान प्रोफेसरांनी चारचौघांत झाडलं, म्हणून कळलं तरी. त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

आणि तरीही सांगते, आज सकाळी ओपीडीत मी एका बाईचा हात पूर्ण मिनिटभर धरून बसले होते, घड्याळ बघत, तुम्ही शिकवलं तसं. मला तुमची फार आठवण आली. चिडूनही आली आणि नुसतीही आली. तुमच्याइतकं मला कोणी शिकवलं नाही, आणि तुमच्याइतकं कोणी फसवलंही नाही. ह्यातलं काय जास्त आहे ते ठरवायला मला वेळ लागेल.

रविवारी मी निघताना आंटींचा हात धरला. तुम्ही जे सांगायला हवं होतंत ते मी सांगितलं. म्हटलं, 'आंटी, तुमचा कान बरोबर होता.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच डोळे भरून आले त्यांचे.

'तुजा पन, बाय,' त्या म्हणाल्या.

हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, सर.